माझ्या हातच्या पाच सुऱ्या



मागच्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर चटया गुंडाळताना एका ताईंनी मला बाजूला घेतलं. वयानं आणि अभ्यासानं त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, म्हणून त्यांचं बोलणं मी मनावर घेते. त्या म्हणाल्या, "तू म्हणे घरी सुऱ्या तयार करतेस? अगं, आपण काय वाचतोय आणि तू काय करतेस! हे हिंसादान झालं." मी हसून म्हटलं, "ताई, लाकूड कोरायच्या सुऱ्या आहेत त्या, बोटभर पात्याच्या." त्याही हसल्या. पण घरी आल्यावर मला काही केल्या झोप येईना. कारण ताईंना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. ती पुढे सांगते. आधी हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं.

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, पत्रे, बिजागऱ्या, कानशी, करवतीची पाती, पहारी, कोयते असं सगळं. मी बी.कॉम. झालेली, म्हणून सासऱ्यांनी वर्षभरातच वह्या माझ्याकडे दिल्या. स्वयंपाक आटोपला की दुपारी मी जमाखर्च लिहायची. सासऱ्यांचा एक नियम होता. मासे धरायचे गळ, उंदराचे चाप आणि छर्रे दुकानात ठेवायचे नाहीत. गिऱ्हाईक विचारी, परत जाई. मी एकदा म्हटलं, "मामंजी, कोयता चालतो, मग गळ का नाही?" ते म्हणाले, "कोयत्यानं गवत कापतात, कुडाच्या काठ्या तोडतात, कधी कुणी वाईटही करतं. गळाला दुसरा उपयोगच नाही." बस्स, एवढंच. त्यांनी मला ग्रंथातलं काही सांगितलं नाही, पण हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही.

आता दुकान नाही. मुलं आपापल्या गावी आहेत. आमचे हे सकाळी देवदर्शन आणि संध्याकाळी फेरफटका यात खूश असतात. माझे हात मात्र रिकामे राहिले. विणकाम करून पाहिलं, डोळे दुखतात. तेवढ्यात मोखाड्याचा बोहाडा पाहण्यात आला. इतकी वर्षं इथे राहून मी तो नीट पाहिलाच नव्हता, रात्री बाहेर कशाला जायचं म्हणून. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांचा हा देवीचा उत्सव. होळी झाल्यावर, पावसाच्या आधीच्या दिवसांत गावोगाव होतो. रात्रभर संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह येतो, रावण येतो. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तोंडावरचे मुखवटे काही कागदाच्या लगद्याचे, तर काही अख्ख्या लाकडातून कोरलेले.

सोंगांपेक्षा मला त्या लाकडी मुखवट्यांनीच जास्त खेचलं. दुसऱ्या दिवशी एका पाड्यावर ते कोरणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसले. ओंडका आधी कुऱ्हाडीनं ढोबळ करतात, मग वाकसानं तासतात, आतून पोकळ करतात, आणि नाकडोळे पटाशीनं आणि सुरीनं काढतात. त्यांची हत्यारं बाजारातली नव्हती. कुठे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा, कुठे झिजलेली कानस, लोहाराकडून ठोकून आणलेली, आणि मूठ ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची. चाळीस वर्षं मी कानशी विकल्या, पण झिजलेल्या कानशीचं पुढे काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही मात्र त्या भंगारात किलोवर घालत होतो!

मीही कोरायला लागले. मुखवटे नव्हे, माझी तेवढी ताकद नाही. आधी चमचे आणि उलथणी केली, मग ग्रंथ ठेवायची ठवणी. लाकूड वाळलेलं, वादळात पडलेलं किंवा सुताराकडचे उरलेले तुकडे. जिवंत झाडाला हात लावायचा नाही, आणि भोकं पडलेलं लाकूड घ्यायचं नाही, कारण त्यात किडे असतात. आमच्याकडे शिवणीचं लाकूड मिळतं. हलकं, फिकट, सुरीला छान वळतं. अडचण आली ती सुरीची. मुंबईहून मागवलेल्या कोरायच्या सुरीची मूठ पेन्सिलीसारखी बारीक. माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं असतं, अर्ध्या तासात हात धरून बसायची वेळ यायची. मग मनात आलं, पाड्यावरची माणसं आपल्या हाताच्या मापानं करून घेतात, तर मी का नाही?

दुकानाचे जुने गिऱ्हाईक असलेल्या एका लोहारकाकांनी मला शिकवलं. कसं ते थोडक्यात लिहिते, कारण पुढचा सगळा मुद्दा या कृतीत आहे.

आधी पोलाद ओळखायचं. जुनी कानस सर्वांत चांगली, कारण तिच्या लोखंडात कार्बन भरपूर असतो. पण काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक आणि आतून मऊ असतात. सहाणयंत्रावर टोक धरायचं. ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटले तर पोलाद चांगलं. नुसत्या लांब रेघा निघाल्या तर ठेवून द्यायची. मग ती कोळशात लाल करून राखेत गाडायची आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायची. सकाळी ती इतकी मऊ होते की दुसरी कानस तिला घासू शकते. आता पात्याला आकार द्यायचा. कोरायच्या सुरीचं पातं दीड-दोन इंच पुरे. धार सरळ आणि दोन्ही बाजूंचा उतार सपाट हवा, भाजीच्या सुरीसारखा फुगीर नको.

आकार झाला की पाणी द्यायचं. पातं पुन्हा लाल तापवून कोमट तेलात बुडवायचं. यात खरी मेख असते, किती तापवायचं? लोहारकाका रंगावरून ओळखतात, म्हणून त्यांना काळोख लागतो, संध्याकाळची वेळ बरी वाटते. तिथे माझं अडलं. दिवेलागणीनंतर आपण चूलसुद्धा पेटवत नाही, भट्टी कशी पेटवणार? जव्हारच्या संध्याकाळी भोवतीच्या झाडीतले किती पतंग त्या विस्तवावर येतील! काकांनीच तोड काढली. लोहचुंबक घ्यायचं. लोखंड साधारण ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबक त्याला चिकटत नाही. चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवायचं आणि तेलात बुडवायचं. रंग पाहायची फारशी गरज नाही. म्हणून माझी भट्टी सकाळी दहाला उन्हात पेटते आणि बारापर्यंत विझते. कोळसा आधी सुपात पाखडून, मुंग्या-किडे पाहून घेते. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी, डोळ्यांना चष्मा. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं, झाकण घालायचं असतं, हे लक्षात ठेवा.

पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तरी तुटेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास दोनदा ठेवायचं. त्याच्यावर गव्हाच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग चढला की कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसला. ओव्हन तोच, नातीच्या बिनअंड्याच्या केकचा. सूनबाई बघून म्हणाली, "आई, आज केक करपलाय वाटतं!"

मूठ सागाच्या तुकड्याची, माझ्या अंगठ्याला विसावा मिळेल अशी जाड. पातं मुठीत पक्कं करायला जुनी पद्धत लाखेची. लाख म्हणजे कितीतरी किड्यांचं घर खरवडून काढलेलं, ती नको. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, तोही नको. मी एपॉक्सी वापरते. दगडावर धार लावल्यावर शेवटचा हात चामड्याच्या पट्ट्यावर मारतात. मी जुन्या जीनच्या कापडाची पट्टी फळीवर ताणून बसवली आणि तिला पॉलिशचा मसाला लावला. धार तितकीच येते. पहिल्या सुरीनं शिवणीची एक लांब, पातळ साल निघाली ना, तेव्हा मला पहिली घडीची पोळी जमली होती तसा आनंद झाला.

आता ताईंच्या बोलण्याकडे येते.

त्या म्हणाल्या ते खोटं नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. हिंसादानात परशू, तलवार, कुदळ, अग्नी, आयुधं, साखळी अशा वधाला कारण होणाऱ्या वस्तू दुसऱ्याला देणं येतं. तलवार तर समजली, पण कुदळही आहे बघा त्यात. म्हणजे "माझी सुरी लहान आहे, ती लाकडाची आहे" हे माझं उत्तर चालण्यासारखं नव्हतं. कुदळही जमिनीसाठीच असते.

माझी एक श्वेतांबर मैत्रीण आहे, तिनं आणखी भर घातली. त्यांच्याकडे श्रावकानं टाळायचे पंधरा कर्मादान आहेत. त्यातलं पहिलं अंगारकर्म, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात लोहाराची भट्टी त्यातच धरली आहे. मी लगेच म्हटलं, "अगं पण ते उपजीविकेसाठी! मी कुठे विकतेय?" ती शांतपणे म्हणाली, "तेच तर. लोहाराला पोट आहे. तुला काय आहे?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त बोचला. अनर्थदंड शब्दाचा अर्थच मुळी प्रयोजनावाचून केलेलं पाप. शेतकरी नांगरतो, त्याची आरंभी-उद्योगी हिंसा संसारी माणसाला चुकत नाही. आदिनाथ भगवंतांनीच प्रजेला असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली असं आदिपुराणात आहे. पण छंद? छंद म्हणजे गरज नसताना केलेलं काम. म्हणजे लोहारकाकांची भट्टी सअर्थ आणि माझी अनर्थ! आपण उलटं समजतो. आपल्याला वाटतं, धंदा म्हणजे पाप आणि छंद म्हणजे निर्मळ करमणूक. व्रताच्या हिशेबात छंदानंच जास्त जाब द्यायचा असतो.

मग मी छंद सोडावा का? मी खूप विचार केला आणि माझं उत्तर नाही असं आहे. पण ते उत्तर देण्याआधी ती गोष्ट सांगायलाच हवी, जी ताईंना ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी सात सुऱ्या केल्या होत्या. त्यांतली एक, सर्वांत चांगली जमलेली, मी त्या पाड्यावरच्या एका तरुण मुलाला दिली. तो बापाच्या हाताखाली मुखवटे कोरायला शिकत होता. त्याच्याकडची सुरी बोथट आणि हलणारी. मला वाटलं, केवढं चांगलं काम करतेय मी! त्यानं दोन्ही हातांनी घेतली, तिथल्या तिथे लाकडावर चालवून पाहिली आणि मान डोलावली. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

काही महिन्यांनी तो जव्हारला बाजाराला आला आणि ओट्यावर टेकला. चहा दिला. खूप मोकळेपणानं म्हणाला, "काकू, तुमची सुरी लई भारी. देवाची कोंबडी एका झटक्यात झाली, तिला कळलं पण नाही."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या घरी देवाला कोंबडं देतात, त्याच्या आजोबांनी दिलं, बापानं दिलं. घरात जे सर्वांत धारदार होतं ते त्यानं घेतलं, आणि जीव तडफडू नये एवढी काळजीही घेतली. मला ते सांगितलं ते कौतुक म्हणूनच. त्याला मी काय बोलणार? मी म्हटलं, "चहा घे, निवेल." तो गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसले. ते पातं मी तापवलं होतं. ती धार मी जीनच्या पट्टीवर शंभर वेळा फिरवून काढली होती. कोळशातली मुंगी मी सुपातून वेचून काढली होती आणि कोंबडीची सोय करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी उपवास केला. घरात कारण सांगितलं नाही.

त्याची सुरी मी परत मागितली नाही. दिलेलं परत मागणं हा त्याचा अपमान झाला असता, आणि त्यानं कोंबडी काही वाचली नसती, बापाचा कोयता होताच. पण स्वतःला खरं उत्तर द्यायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. त्या मुलाला माझ्या सुरीची गरजच नव्हती. पाड्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपली हत्यारं करून घेत आली आहेत, मी त्यांच्याकडूनच पाहून शिकले. गरज मला होती, देणारी होण्याची. "बघा, मी केलेली सुरी बोहाड्याच्या मुखवट्यावर चालते" हे सांगण्याची. म्हणजे सुरी दिली त्यात करुणा थोडी होती आणि मान कषाय जास्त होता. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना नुसता जीव जाणं सांगितलेलं नाही, प्रमत्तयोग आधी सांगितला आहे. मी प्रमत्त होते, भट्टीपाशी नव्हे, तर देताना.

म्हणून माझं मत असं झालं आहे. ते चुकीचं असेल तर जाणकारांनी सांगावं. व्रतात सुरी करण्यापेक्षा ती बेहिशेबी हातातून सुटण्यावर जास्त बोट ठेवलेलं आहे. शब्दच पाहा, हिंसादान, त्यात दान आहे. श्वेतांबर परंपरेत अनर्थदंडाच्या अतिचारांत संयुक्ताधिकरण म्हणून एक आहे. हत्याराचे भाग जोडून, कुणीही उचलावं आणि वापरावं अशा तयार स्थितीत ठेवू नये, असा त्याचा अर्थ मैत्रिणीनं सांगितला. उखळाशेजारी मुसळ ठेवू नये, एवढा बारीक विचार! आपल्या परंपरेत त्या जागी असमीक्ष्याधिकरण आहे, म्हणजे विचार न करता, गरजेपेक्षा जास्त साधनं वापरणं. दोन्हींचा रोख एकच. साधन ठेवशील तर त्याचा हिशेब ठेव.

आणि हिशेब हे तर माझं काम! मी एक वही घातली. सुरीचा क्रमांक, पोलाद कुठलं, पात्याची लांबी, आणि शेवटचा रकाना "कुणाकडे". सातपैकी एक पाड्यावर, ती तशीच लिहिली आहे, खोडली नाही. एक पाणी देताना तडकली होती, ती मोडून भंगारात. उरल्या पाच. परिग्रह परिमाणात मी हा आकडा पक्का केला आहे. नवी करायची तर आधीची एक मोडायची. विकायची नाही, भेट द्यायची नाही. प्रत्येकीला लाकडाचं घट्ट म्यान आहे, आणि सूर्यास्ताआधीचं जेवण उरकायच्या आत पाचही मोजून डब्यात जातात. चातुर्मासात भट्टी बंद. तेव्हा इथे ओट्यावर, भिंतीवर, कोळशाच्या पोत्यात सगळीकडे जीवच जीव असतात. पात्यांना खोबरेल लावून ठेवून देते, नाहीतर आमच्या पावसात चार दिवसांत गंज धरतो.

मग "तुला काय आहे?" या प्रश्नाचं काय? माझं प्रयोजन लहान आहे, पण आहे. माझ्या अंगठ्याला बसणारी सुरी बाजारात मिळत नाही. घरातले प्लॅस्टिकचे डाव-चमचे गेले, लाकडाचे आले. मंदिरात दोन ठवण्या माझ्या हातच्या आहेत. आणि दुपारच्या दोन तासांत माझ्याकडून कुणाची निंदा होत नाही, मालिकेतली भांडणं डोक्यात शिरत नाहीत. दुःश्रुती आणि अपध्यान हेही त्याच यादीत आहेत ना? सुरीनं एका बाजूला वाढवलं आणि दुसऱ्या बाजूला वजा केलं. ताळेबंद पूर्ण जुळला असं मी म्हणणार नाही. माझ्या वहीत ती एक नोंद आहे आणि ती राहणार.

तो मुलगा अजून येतो. आता बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून माझ्याच सुरीनं लहानसहान काम करतो, मला नाकाची चढण कशी काढायची ते दाखवतो आणि जाताना सुरी म्यानात घालून परत देतो. मी त्याला एकदा सरळ सांगितलं, "आमच्यात जीव मारायला हत्यार देत नाहीत, म्हणून मी आता कुणालाच देत नाही." त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आमच्यात पण देवाच्या मुखवट्याची पटाशी दुसऱ्या कामाला लावत नाहीत, काकू. तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं." बघा, हेही मी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे हत्याराचा विचार नसेल असं मी धरूनच चालले होते.

आता थोडं तुमच्या स्वयंपाकघराकडे येते, रागावू नका. सणाच्या सेलमध्ये सहा सुऱ्यांचा संच लाकडी ठोकळ्यासकट स्वस्त मिळतो. आपण वापरतो त्यातल्या दोन. उरलेल्या चार, त्यातली एक चक्क मांस कापायची, ओट्यावर तयार उभ्या असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी. जुनी बोथट झालेली सुरी आपण कामवालीच्या हातात देतो किंवा कचऱ्यात टाकतो, आणि कचरा वेचणाऱ्याचा हात कापतो. कात्र्या, नखं कापायची यंत्रं, दाढीची पाती किती आहेत, कुठे आहेत, कुणाला ठाऊक असतं? मला विचाराल तर सुरी घडवणाऱ्या बाईपेक्षा सुऱ्या न मोजणाऱ्या बाईनं जास्त विचार करायला हवा. आणि हे मी स्वतःला धरून म्हणते, कारण सुऱ्यांची वही घालण्याआधी मी स्वयंपाकघरातली पाती मोजली, ती निघाली तेवीस! आता नऊ आहेत.

तुम्हाला हा छंद लागला तर जरूर करा. सोपा नाही, पण साठीतही जमतो. फक्त पहिली सुरी तयार होण्याआधी एक वही घाला आणि "कुणाकडे" हा रकाना विसरू नका. छंद लागायचा नसेल तरी उद्या सकाळी, भाजी चिरायच्या आधी, घरातली पाती एकदा मोजून बघा. आकडा मला कळवा.

ताईंना मी हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. कोंबडीच्या गोष्टीपाशी त्या थांबल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठवणीचा पाय जरा डुगडुगतो गं, बघ एकदा." उद्या दोन नंबरची सुरी घेऊन मंदिरात जाणार आहे. वहीत तशी नोंद केली आहे.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.